माकडशिंगीचं मूळ

माझी बायको सुनंदा ड्रॉइंगची शिक्षिका होती. दिवाळीनंतर ती गेली. आपल्या माळावरची झाडं लोकांना ओळखू यावीत म्हणून तिने काढलेली चित्रं आज जामखेडला शाळेच्या हॉलमध्ये लावली. मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

माकडशिंगी म्हणजे माळावरचं बिनपानांचं, मांसल दांड्यांचं छोटं रोप. तिच्या चित्रापाशी एक आजी थांबल्या. "भाऊ, मूळ काढायचं राह्यलं व्हय बाईंचं?"

"राहिलं नाही, आजी. मूळ बघायला झाड उपटावं लागलं असतं. ती नको म्हणाली."

"आगं बया! आमी तर मीठ लावून बकरीगत खाल्ली." त्या हसल्या. "आता दिसतच न्हाई कुठं. बाईंनी बघितली ती जागा दावता का मला?"

सुनंदाला माकडशिंगी दिसली तो टेकडीचा उतार मागच्याच महिन्यात जेसीबीने मुरमासाठी खोदून नेला. तिने तेव्हा एक रोप उपटलं असतं, तर आज निदान आमच्या कुंडीत तरी असतं.

तुमच्याकडच्या माळावर माकडशिंगी आहे का? असेल तर कळवा. उपटू नका, असं पुढे लिहिणार होतो. पण ते लिहवत नाही.