सत्यनारायणाला पाहुणी म्हणून गेले होते

"हात ओलेच आहेत तुझे, तर ती दोन पातेलीही घासून टाक ना."

मस्कतमधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी उभी होते. अंगावर लग्नातली साडी. मी तिथे पाहुणी होते. सत्यनारायणाचं रीतसर बोलावणं आलं होतं, नवऱ्यासकट, मुलीसकट. जेवण झालं आणि मी माझी थाळी विसळायला घेतली, तेवढ्यात त्या घरच्या मीनलवहिनी मागून बोलल्या. आवाज गोड होता. मी पदर खोचला आणि पातेली घासली. मग परातही घासली, ती कुणी सांगितलीसुद्धा नव्हती.

थाळी विसळली ती का, हे सांगायला हवं. माझ्या आईबापाने वांगणीच्या डोंगरातली ठाकरवाडी सोडली आणि ते अंबरनाथला बुवापाड्याच्या झोपडपट्टीत येऊन राहिले. आईने जन्मभर अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटांत भांडी घासली. लोकांची उष्टी काढून काढून तिच्या बोटांची सालं गेली. म्हणून आमच्या घरात तिचा एकच कायदा होता. जेवणाऱ्याने आपली थाळी आपण विसळायची. बापाने, पोरांनी, घरी आलेल्या पाहुण्यानेसुद्धा. "आपलं उष्टं दुसऱ्यानी का काढायचं?" असं ती म्हणायची. आमच्या घरातला हा मान होता. मीनलवहिनींना त्यात कामवाली दिसली.

माझा नवरा उल्हासनगरला एसी दुरुस्तीच्या दुकानात होता. तिथला सिंधी सेठ एक दिवस म्हणाला, "मस्कत में अपना भाई है, बंदा माँगता है. जाएगा क्या?" नवरा गेला. पुढे त्याला सुपरवायझर केलं, तेव्हा त्याने मला आणि रेणूला बोलावून घेतलं. बुवापाड्यात पेढे वाटले. आई विमानतळावर आली नाही, म्हणाली, मला रडू येईल आणि तुझा पाय अडेल.

तिथे गेल्यावर कळलं की परदेश म्हणजे बहुतेक वेळ बंद खोली. खिडकी उघडली की भट्टीसारखी हवा आत यायची. शेजारी एक मलबारी कुटुंब, समोर कुणी सुदानचे. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, त्यापुढे भाषा संपायची. भाजी प्लॅस्टिकमध्ये बांधलेली, दुकानदाराशी घासाघीस करायची सोय नाही. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. रेणू शाळेतून येईपर्यंत मी मराठी बोलायला आसुसलेली असायचे. कधीकधी भांड्यांशी बोलायचे. हसाल, पण खरं आहे.

म्हणून मीनलवहिनी भेटल्या तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याच्या कंपनीत मोठे साहेब. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "अय्या, तुम्ही अंबरनाथच्या? आम्हीपण. कुठे राहता?"

"बुवापाडा," मी म्हणाले.

"हो का," त्या म्हणाल्या. अंबरनाथच्या माणसाला पत्ता सांगितला की बाकी काही सांगावं लागत नाही. पुढचं वाक्य त्या 'अगं' म्हणून बोलल्या. वयाने माझ्याहून लहान होत्या. मला तेव्हा वाटलं, बाई मायाळू आहे, जवळचं समजते.

सत्यनारायणानंतर बोलावणी वाढली. वाढदिवस, चैत्रातलं हळदीकुंकू, कुणाचं डोहाळजेवण. दर वेळी फोनवर एक वाक्य ठरलेलं, "तू जरा लवकर ये हं." मी लवकर जायची. कांदे चिरायची, पुऱ्या लाटायची, सगळ्या गेल्यावर ओटा पुसायची. नवऱ्याला सांगायची, वहिनींचं माझ्यावाचून पान हलत नाही. तो खूश व्हायचा. साहेबाच्या घरी बायकोची ऊठबस आहे, त्याला आणखी काय हवं होतं? मी स्वतःला फसवत होते, आणि फसवणं गोड लागत होतं, कारण तेवढा वेळ कानावर मराठी पडायची.

मग गणपती आले. वहिनींच्या घरी दीड दिवसाचा. मोठा हॉल, खूप मराठी कुटुंबं. मुलांची पंगत आधी मांडली. रेणू आपल्या शाळेतल्या मैत्रिणींशेजारी जाऊन बसली. नवा परकर-पोलका घातला होता, तो आईने अंबरनाथहून पाठवलेला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

मीनलवहिनी आल्या. "रेणू, तू ऊठ गं. तू नंतर बस. आधी यांना पाणी वाढ बघू."

रेणू उठली. कुणीतरी बाई म्हणाली, "गोड आहे मुलगी. कोणाची?"

"आमच्याकडे मदतीला येते ना, तिची."

वहिनी हे हळू बोलल्या नाहीत. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नाही. रेणू तांब्या घेऊन वाकली आणि एकेका पानाशी पाणी ओतत पुढे सरकू लागली. सांडू नये म्हणून जीभ दातात धरलेली. तिच्या मैत्रिणी मान खाली घालून जेवत होत्या. मला तिच्या जागी माझी आई दिसली. समुद्र ओलांडून आम्ही पुन्हा तिथेच आलो होतो. फरक एवढाच की आईला निदान महिन्याला पगार मिळायचा.

मी हॉलमध्ये गेले.

"रेणू, तांब्या खाली ठेव. चल घरी."

"अगं, असं काय करतेस?" वहिनी म्हणाल्या. "घरचीच आहेस ना तू?"

"घरची असते तर माझ्या मुलीला पानावरून उठवलं नसतंत."

साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले. माझा नवरा भिंतीशी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. रस्त्यात तो म्हणाला, "तू माझी नोकरी घालवलीस." त्याचं खरं निघालं. करार संपला, तो पुढे वाढवला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आता आम्ही बुवापाड्यात आहोत, आईच्याच खोलीत. नवरा पुन्हा उल्हासनगरच्या दुकानात जातो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. रेणूची ती शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. परवा ती म्हणाली, "आई, मी पाणी वाढलं असतं तर काय बिघडलं असतं?" शेजारणी म्हणतात, हिला सुख बोचलं. एखाद्या दिवशी मलाही तसंच वाटतं. मला कसलाही विजय मिळालेला नाही.

घर भागेना, म्हणून मी पूर्वेला कामं धरली. धुणीभांडी. दुसरं काही मला मिळालं नाही. एका घरी बाई म्हणाल्या, "मुलगी मोठी आहे ना तुझी? सुट्टीत आण सोबत. हाताखाली शिकेल." मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, मग राहू दे, दुसरी बघते. मी चप्पल घातली आणि जिना उतरले. दुसऱ्या घरीही हेच झालं. तेही सोडलं. आई म्हणाली, "अशी किती घरं सोडशील, पोरी? पोट भरायचं हाय ना?"

लागतील तितकी सोडीन. रेणू मोठी होईल. शिकेल किंवा नाही शिकणार, त्याचं काही सांगता येत नाही. ती माझ्यावर जन्मभर रागावलेली राहिली तरी चालेल मला. पण माझा हात धरून ती कुणाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही.