चुलीशेजारचं घंगाळ

त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापसालाच जागा जास्त होती. समुद्रापलीकडे कुठंतरी मोठी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळायचा बंद झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचा भाव दर बाजाराला चढत होता. अजून चढेल म्हणून मामंजी, म्हणजे माझे सासरे, विकायचं नावच घेईनात. आधी कोठा भरला, मग ओसरी, मग माजघर. शेवटी कापूस स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबला. मध्ये एक बाज उभी करून तिच्यावर गोणपाट टाकलं. बाजेच्या अलीकडे माझी चूल.

मी पातूरकडची, नुकतंच पहिलं लेकरू झालेलं. सरपण म्हणजे पऱ्हाट्या, कापसाचीच वाळलेली झाडं. पऱ्हाटी जळताना तडतडते, ठिणग्या उडवते. एरवी तिकडे कोणी बघतही नाही. पण त्या उन्हाळ्यात ती तडकली की मी आधी बाजेकडे बघायची. लेकराची झोळी माजघरात, कापसाच्या ढिगाला लागूनच बांधलेली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. भाकरी थापता थापता मी दहादा उठून बाजेमागे हात फिरवून यायची. स्वप्नातसुद्धा मला जळका वास यायचा.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या फार बोलत नसत आणि मला त्यांचाही धाक होता. तरी एक दिवस धीर केला.

"आत्याबाई, चुलीपाशी पाण्याचं मोठं भांडं पाहिजे."

"काहून? माठ हाये ना."

"माठाचं तोंड लहान. काही पेटलं तं गडव्यानं किती पाणी काढू?"

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण पुढच्या बाजाराला त्यांनी मला गाडीत बसवून अकोल्याला नेलं. मामंजींना विचारलंसुद्धा नाही.

तांबटाच्या दुकानात लखलखत्या घंगाळांची रांगच होती. माझी नजर कड्यांवर वेल काढलेल्या एका घंगाळावर गेली. आत्याबाईंनी ते बोटाच्या पेरानं वाजवलं आणि बाजूला सारलं. "पत्रा पातळ हाये. दोघींनी उचललं तं वाकन." दुसरं उन्हाकडे धरून त्यांनी आतून भोक आहे का पाहिलं. तिसरं जाड, बिननक्षीचं, दिसायला ओबडधोबड. त्याखाली कोरडी माती पसरली, दुकानदाराकडून त्यात काठोकाठ पाणी भरवून घेतलं आणि आम्ही दोघी तिथंच फतकल मारून बसलो. दुकानदार हसत होता. माती ओली झाली नाही, तेव्हा त्या उठल्या. तेच घंगाळ आम्ही आणलं. मग चुलीशेजारी दगडमातीचा ओटा घालून ते त्यात अर्धं पुरून बसवलं.

त्याचं करणंही त्यांनीच शिकवलं. आतून चिंचेचा कोळ, बाहेरून जेवढं उघडं तेवढ्याला राख, घासायला वाळल्या घोसाळ्याची जाळी. घासल्यावर लगेच पुसायचं, नाहीतर हिरवा कळंक धरतो. ताक किंवा आमटी त्यात चुकूनही ठेवायची नाही. आणि घंगाळ भरल्याशिवाय चूल पेटवायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

वैशाखातली दुपार होती. माणसं सगळी वावरात. बाहेर वावटळ उठली, खिडकीतून झोत आला आणि चुलीतली आग भस्सकन बाहेर आली. ठिणग्या बाजेवरून पलीकडे जाताना मी पाहिल्या. धावत जाऊन झोळीतून लेकरू ओढलं, अंगणात निंबाखाली ठेवलं आणि परत आत आले. बाहेर ते किंचाळत होतं. तेवढाच मला आधार. रडतंय, म्हणजे ठीक आहे.

आत ज्वाळा कुठंच नव्हती. कापसावर रुपयाएवढे काळे डाग पडले होते आणि ते गुपचूप मोठे होत होते. माझ्यामागून अंगणातून आत आलेल्या आत्याबाईंनी बादलीभर पाणी फेकलं. पाणी कापसावरून घरंगळून गेलं, डाग तसेच. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"आतून पेटून राहिला, पोरी! काढ! सारा काढ!"

आम्ही कवेत भरभरून कापूस उपसला आणि घंगाळात टाकू लागलो. पण कापूस बुडेना. पाण्यावर तरंगायचा आणि तरंगत तरंगतच धुमसायचा. दोन्ही हातांनी दाबून खाली धरावा लागे, तेव्हा कुठं चर्र आवाज होई. धुरानं डोळ्यांपुढचं दिसेना. प्रत्येक खेपेला वाटे, आता भडका होणार आणि आम्ही दोघी इथंच संपणार. आत्याबाई दाबत होत्या, मी आणत होते. गावातली माणसं धूर पाहून घागरी घेऊन आली, तोवर धुमसणारा कोपरा आम्ही रिकामा केला होता.

मामंजी संध्याकाळी वावरातून आले. काळवंडलेली भिंत पाहून म्हणाले, "कापूस किती गेला?"

आत्याबाई अंगणात बसल्या होत्या. तळहातांवर फोड, वर कोरफडीचा गर. "लेकरू वाचलं," त्या म्हणाल्या. "आता आयका. या घरात चूल राहीन नाही तं कापूस राहीन. काय ठेवता ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी गाड्या जुंपल्या आणि कापूस अमरावतीच्या बाजाराला निघाला.

फोड सुकेपर्यंत आत्याबाईंना मी माझ्या हातानं जेवू घातलं. त्यांना ते फार अवघड जाई, मान वळवून घास घ्यायच्या. एकदा मी विचारलं, "आत्याबाई, तुमाले भेव नाही वाटलं?"

"कापूस घरात आला त्या रोजपासून वाटे. चूल पेटली की मी अंगणात येऊन उभी राहो."

"मंग मले कधी बोलल्या नाही?"

"तू आधीच भेलेली. तुले अजून काय सांगू?" त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, आणि मी भाकरी वरणात कुस्करायला लागले.