पंचमीला आलेली केट

भूतबीत मी मानत नाही. पेशाने डॉक्टर आहे, मढी फाडत शिकलोय. त्यामुळे पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

२००३ चा जून. मी कोल्हापुरात एमबीबीएसला होतो. इंग्लंडहून मेडिकलची काही पोरं-पोरी आरोग्य शिबिरासाठी आली आणि चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवर दुभाषा म्हणून माझी वर्णी लागली. त्यांच्यातल्या केटशी माझी चांगली मैत्री जमली.

वाडीतल्या पारूमावशीची लहानगी सुमी जरा चालली की धापा टाकायची, ओठ निळे पडायचे. केटने छाती तपासली — हृदयाला छिद्र असावं. "मी परत येऊन हिला स्वतः ऑपरेशनला नेईन," ती म्हणाली. मावशीला ते मराठीत सांगितलं मी. म्हणजे शब्द गेला तो माझ्या तोंडून.

मावशीने कासाराला बोलावून केटला हिरव्या बांगड्या भरल्या. "आता तू ह्या घरची लेक. पंचमीला म्हायेराला यायचं बघ!" केट रडली, हो म्हणाली.

ती मंडळी गेली त्या सकाळी त्याच बांगड्या ते उतरले होते त्या लॉजच्या बेसिनवर पडलेल्या दिसल्या. मी उचलून ठेवल्या. ईमेल केले... उत्तर नाही.

वाडीवर जाऊन मावशीला म्हटलं, आत्ताच चला कोल्हापूरला. ती हटून बसली. "लेक येनार हाय माझी. तिच्याच हातनं न्हेनार पोरीला. तू कोन मधी?" पोरगी निळी पडत चाललेली, आणि ही बाई एका थापेवर विसंबलेली! केटचा असा संताप आला म्हणून सांगू.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मावशी सुमीला कडेवर घेऊन आमच्या वॉर्डाच्या दारात उभी.

"काल केट आलती की! भर दुपारी, पावसात भिजून. सुमीच्या छातीला कान लावला आन् म्हनाली, माझ्यासाठी थांबू नका, उद्याच्या पयल्या यष्टीनं निघा."

"मराठीत?"

"व्हय की. शिकली आसंल."

"आणि हातात बांगड्या?"

"लेकीच्या हातात नसत्यात व्हय? हुत्या की!"

मी हॉस्टेलवर धावलो. बांगड्या माझ्या खणातच होत्या.

सुमीचं ऑपरेशन झालं, पोरगी वाचली. आणखी थांबला असता तर हाती लागली नसती, असं सर्जन म्हणाले.

मी केटला सगळं लिहिलं. तू आली होतीस का, एवढंच सांग. या वेळी उत्तर आलं. त्या दिवशी ती इंग्लंडात घरीच होती, आफ्रिकेतल्या पुढच्या शिबिराची तयारी करत. खाली एक ओळ — "बाय द वे, सुमी कोण?"

त्या दुपारी कोण येऊन गेलं, मला आजही कळलेलं नाही. मावशी मात्र दर पंचमीला फोन करून विचारते, माझी केट कशी हाय? आणि मी सांगतो... तुमची फार आठवण काढते.