सासूबाईंसाठी निवडलेलं ॲप

माझी पुस्तकं सासूबाईंनी बंबात घातली तेव्हा मला या घरात येऊन चार महिने झाले होते. मी नारपोलीला माहेरी गेले होते. परत आले तर ट्रंक रिकामी आणि आंघोळीला कढत पाणी. "पडलीच व्हती ना," एवढंच त्या बोलल्या. त्यांना अक्षरओळख नाही. तरी गावात मान मोठा, कारण श्रावणात देवळात पोथी लागली की वाचणारा ओवी वाची आणि तिचा अर्थ सासूबाई सांगत. आमच्याकडे रीतच आहे, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा. लहानपणापासून ऐकून ऐकून त्यांना ते जमलं होतं. "वाचनारे ढीगभर, अर्थ सांगनारा येकच," असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. मी ते विसरले नाही. मी काहीच विसरत नाही.

पुढे साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले, मग पाय गेले. देवळात जाणं सुटलं. गेल्या श्रावणाच्या तोंडावर त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"मोबाईलमंदी पोथी हाय बोलतात. मना लावून दे. पन मधी थांबवता आली पायजे, अर्थ सांगाला."

"अर्थ कोणाला सांगणार, आई?"

"भिंतीला," त्या बोलल्या. "आनि श्रावनात पुरी झाली पायजे. लावलेली पोथी अपुरी ठेवत न्हाय."

खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्या बाईने माझ्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा हुकमाने मागितला, ती आज गरजेने बोलत होती.

पूर्णा गावातल्या गोदामात मी कॉम्प्युटरवर माल लावते. कुठला खोका कुठल्या रॅकवर, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यामुळे फाईली नीट लावणारं ॲप निवडणं हा माझ्या हातचा मळ. सासूबाईंसाठी काढलेल्या जुन्या मोबाईलवर तीन ॲप घेतली आणि त्यांच्या खाटेशेजारी बसूनच तपासली. पहिलं फारच गुणी निघालं. पुस्तकं एका कप्प्यात, ऐकायची पुस्तकं दुसऱ्यात. स्क्रीनवर कुठेही बोट टेकलं की आवाज थांबायचा, परत टेकलं की तिथूनच पुढे सुरू. दुसरं फाईलचं नाव बोलून दाखवायचं. तिसरं अगदी ठोंब्या. बारीक इंग्रजी अक्षरं, बोट लागलं की ॲपच मिटणार, आणि उघडलं की पहिल्या फाईलीच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात.

पहिलं मी माझ्या मोबाईलवर घेतलं, माझ्या पुस्तकांसाठी. सासूबाईंच्या मोबाईलवर तिसरं ठेवलं.

रोज ड्युटीला निघताना मी पोथी लावून द्यायचे. दाराबाहेर चपला घालेपर्यंत ऐकू यायचं. चार ओव्या झाल्या की त्या चाचपडत बोट लावायच्या, आवाज बंद. मग भिंतीला अर्थ. मग पुन्हा बोट, की पुन्हा पहिल्या ओवीचं नमन. नवरा कंटेनर घेऊन महिना महिना बाहेर, त्यामुळे विचारणारं घरात कोणी नव्हतं. आठवड्याने त्यांनी विचारलं, "दुसरा अध्याय कवा लागंल?" मी म्हटलं, "मोबाईल जे ऐकवतो तेच ऐकायचं, आई." गोदामात डबा खाताना ते आठवून मला हसू यायचं. लाज आज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

श्रावणाच्या शेवटच्या दिवशी सांगतेला शेजारणी यायच्या होत्या. मी शिरा परतत होते. खाटेवरून आवाज आला, "पयला ॲप चांगला व्हता. बोट ठेवला का थांबत व्हता."

मी कढई खाली उतरवली. डोळे गेले होते, कान कुठे गेले होते?

"मग बोलला का नाही?"

"तुला कवा कटाळा येतो ते बघत व्हते."

मी घाईने म्हटलं, "आत्ता लावते शेवटचा अध्याय." त्यांनी मोबाईल उशाखाली सारला. "नको. तुज्या हातची पोथी नको मना."

तेवढ्यात बाया आल्या. सासूबाईंनी हात जोडून सांगितलं, "पोथी अपुरी ऱ्हायली. पयल्या अध्यायाच्या फुडं गेली न्हाय."

"आगं, सून येवढी शिकलेली, तिला न्हाय जमला?"

"तिला न्हाय जमत त्यातला," सासूबाई शांतपणे बोलल्या. "मी किती येला सांगितला. पन जाऊ दे, बिचारी."

सगळ्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायला लागल्या. एकीने तर तिचा पाचवीतला नातू शिकवील म्हणून धीर दिला. मला जमतं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण जमतं म्हटलं तर पोथी अपुरी का राहिली, हे सांगावं लागलं असतं. मी खाली मान घालून शिरा वाढला.

त्यानंतर त्यांनी मोबाईलला हात लावला नाही. या श्रावणात गुणी ॲपमध्ये सगळे अध्याय ओळीने लावून मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, खाटेच्या कडेला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीलाही आता त्या काही सांगत नाहीत.