तिसऱ्या डावाला झेलायचं नाही

विलो बेंड गावच्या रस्त्यावर व्हर्ना पावल्युकची पिवळी बस सात वाजून बारा मिनिटांनी पहिल्या फाटकाशी येते, आणि त्या आवाजावर तीन घरांतले म्हातारे आपली दुसरी कॉफी ओततात. एकोणीस वर्षं ती शाळेची बस चालवते आहे. उणे पस्तीसच्या थंडीतही ती उशिरा आल्याचं कुणी सांगणार नाही. मागे बसलेल्या पोरांपैकी कोण खोडी काढणार हे तिला खोडी निघायच्या आधी कळतं. "डिलन, हात खिशात," ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणते, आणि पुढच्या मुलीच्या वेणीकडे निघालेला डिलनचा हात निमूट मागे फिरतो.

"तुला कसं कळतं गं?" असं कुणी विचारलं की ती म्हणते, "हात नंतर हलतो. आधी खांदा हलतो. खांद्याला खोटं बोलता येत नाही."

हीच विद्या घेऊन ती पस्तिसाव्या वर्षी फुटबॉलच्या मैदानात उतरली. फुटबॉल म्हणजे आमच्या गवताळ मुलखातला, लांबट चेंडूचा, हाडं मोडणारा. गावात बायकांचा संघ निघाला, 'बॅजर्स' असं नाव ठरलं आणि व्हर्नाने पहिल्याच दिवशी नाव दिलं. नवरा गॉर्ड हातातला काटा खाली ठेवून म्हणाला, "या वयात हे काय डोहाळे?"

"वीस वर्षं मी तुझे सामने बघितले," व्हर्ना म्हणाली. "आता तू बघ. आणि सँडविचही तूच कर."

बचावाला बाराजणी असतात. पुढे चौघी, त्यांनी धक्काबुक्की करायची. मागे पाचजणी, त्यांनी धावणाऱ्या पोरींच्या पाठी लागायचं. मध्ये तिघी लाइनबॅकर, त्यांनी दोन्ही करायचं. त्या तिघींच्याही मधली व्हर्ना. समोरच्यांना दहा यार्ड पुढे सरकायला तीन डाव, म्हणजे तीन प्रयत्न मिळतात; नाही जमलं तर चेंडू आमचा. समोरच्या पोरी तर चेंडू खेळात यायच्या आधीच धावत सुटतात, आमच्या खेळात तशी मुभाच आहे. त्या धावत येत असताना कोणी कुठे जायचं हे बाकीच्या अकराजणींना ओरडून सांगायचं काम तिचं. तिचा आवाज धान्याच्या कोठारापर्यंत जायचा. संघातल्या पोरी तिला 'बाबा' म्हणत. तिच्यासारख्या युक्रेनी घरांत आजीला बाबा म्हणतात, आणि व्हर्नाला तर आता खरीच नात झाली होती.

अकरा उन्हाळ्यांत तिने किती जणींना कमरेत धरून गवतावर आडवं केलं त्याची मोजदाद नाही. पण समोरच्यांनी फेकलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलून पळवणं, ज्यासाठी लोक तिकीट काढतात, ते तिला एकदाही जमलं नव्हतं. तीनदा हाताला लागून गेला. एकदा चक्क कपाळाला लागला. पोरी म्हणत, "बाबाचे हात पेरोगी चिमटायला केलेत, चेंडू धरायला नाहीत." पेरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेली करंजी. व्हर्ना सगळ्यांत मोठ्याने हसायची. असा पळवलेला चेंडू क्लब त्या खेळाडूला घरी नेऊ देतो. तळघरातल्या फळीवर गॉर्डच्या तरुणपणीचे तीन चेंडू होते आणि त्यांच्या शेजारी चौथ्यापुरती जागा. दर शनिवारी फळी पुसताना व्हर्ना ती रिकामी जागाही पुसायची. हे गॉर्डला ठाऊक होतं, पण तो शहाणा माणूस, कधी बोलला नाही.

यंदा डॉक्टरने सांगून टाकलं होतं: एक तर हा गुडघा ठेव, नाहीतर हा खेळ. त्यामुळे हा शेवटचा उन्हाळा.

आणि याच उन्हाळ्यात टेसा डेजार्ले संघात आली. वीस वर्षांची, नदीपलीकडच्या वस्तीवरची, गुरांच्या डॉक्टरकडे काम करणारी. मागच्या पाचजणींत ती उजवी हाफबॅक. सशासारखी पळायची आणि तिला ते माहीतही होतं. मे महिन्यात एका सामन्यात तिने आडवी झेप घेऊन असा चेंडू झेलला की मैदानाभोवती उभ्या केलेल्या सगळ्या पिकअप गाड्यांनी भोंगे वाजवले. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजवतात. टेसा नाचत बाहेर आली. व्हर्ना वाटेतच उभी होती.

"कुठे झेललास?"

"आडवी झेप घेऊन! बघितलं नाहीस?"

"कसा झेललास ते नाही विचारलं. कुठे झेललास? आपल्या गोलरेषेपासून दहा यार्डांवर, आता तिथूनच आपल्याला सुरुवात. त्यांचा तिसरा डाव होता. तीन डावांत त्यांना दहा यार्ड जमले नव्हते. तू तो नुसता खाली पाडला असतास तर डाव जिथून सुरू झाला तिथे आपल्याला चेंडू मिळत होता, तीस यार्ड पुढे. तिसऱ्या डावाला झेलायचं नाही. पाडायचं."

"आणि ते भोंगे?"

"भोंग्यांना गुण मिळत नाहीत."

टेसाचा चेहरा लाल झाला. सगळ्या ऐकत असताना ती म्हणाली, "अकरा वर्षांत एक झेलता आला नाही, म्हणून हा नियम होय? कोल्ह्याला द्राक्षं आंबट!"

कपडे बदलायच्या खोलीत व्हर्ना बुटाची नाडी सोडत एवढंच म्हणाली, "नियम माझा नाही, मैदानाचा आहे." पण पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आपल्याला हेवा वाटला का, असं घरी जाताना गाडीत तिने स्वतःला विचारलं आणि प्रामाणिक उत्तर आलं: थोडासा वाटला. नियम बरोबर होता तरी वाटला. त्यानंतर सगळ्या पोरी तिला बाबा म्हणत, टेसा मात्र व्हर्नाच म्हणायची.

जूनच्या शेवटच्या शनिवारी अंतिम सामना आमच्याच मैदानावर, नॉर्थ फोर्कच्या संघाविरुद्ध. पश्चिमेचा वारा असा सुटला होता की टोप्या कुंपणाला जाऊन चिकटत होत्या. सतरा-सतरा बरोबरी आणि उरले पन्नास सेकंद. चेंडू नॉर्थ फोर्ककडे, त्यांच्याच गोलरेषेपासून पन्नासाव्या यार्डावर. तिसरा डाव आणि हवा फक्त एक यार्ड. लाथ मारून चेंडू लांब घालवावा तर वारा तोंडावर. तेव्हा घुसून एक यार्ड काढणार, हे पाळण्यातलं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. टेसा मागून सरकत सरकत पुढे आली.

व्हर्ना समोरच्या रांगेत एक हात जमिनीवर टेकवून ओणवलेल्या धिप्पाड पोरीच्या हाताकडे बघत होती. घुसायचं असलं की तिचा सगळा भार त्या टेकलेल्या हातावर यायचा आणि बोटांची पेरं पांढरी पडायची. संपूर्ण सामन्यात तसंच झालं होतं. आता पेरं गुलाबी होती आणि खांदा मागे होता.

"पास!" व्हर्ना ओरडली आणि पाठ फिरवून धावत सुटली.

बाकी सगळ्या फसल्या. नॉर्थ फोर्कच्या पोरीने चेंडू दुसरीच्या पोटाशी दिल्यासारखं केलं आणि दोन पावलं मागे सरून उंच फेकला. टेसा तोवर तीन ढांगा पुढे गेली होती. तिच्या मागे नॉर्थ फोर्कची एकजण मोकळी धावत होती, आणि तिच्या वाटेवर सेहेचाळीस वर्षांची एक आजी वाईट गुडघा ओढत चालली होती. पण वाऱ्याने चेंडू धरून ठेवला. डावाच्या जागेपासून वीस यार्ड आमच्या बाजूला तो खाली येऊ लागला तेव्हा व्हर्ना चेंडू आणि त्या पोरीच्या मध्ये पोचली होती.

चेंडू थेट तिच्या छातीकडे आला. इतका सावकाश, की तिला त्याची शिवण दिसली. हात वर गेले होते, बोटं उघडली होती. "झेल!" पिकअपच्या टपावरून गॉर्डचा आवाज आला. अकरा वर्षं ती या चेंडूची वाट बघत होती.

तिने तळवे खाली वळवले आणि चेंडू फाडकन गवतावर आपटला.

गाड्यांमधून एकच "अरेरे!" उठलं. कुणीतरी रडका भोंगा वाजवला. व्हर्ना लंगडत बाहेर आली आणि गुडघ्यावर बर्फ ठेवून बाकावर बसली. तिला वाईट वाटत होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगा, फार वाईट वाटत होतं.

पण चेंडू आता आपला होता, नॉर्थ फोर्कच्या पन्नासाव्या यार्डावर, आणि वारा पाठीवर. दोनदा चेंडू घेऊन धावून बारा यार्ड निघाले. सात सेकंद उरले असताना आमच्या पोरीने लाथ मारली. चेंडू वाऱ्यावर स्वार होऊन गोलरेषेपलीकडे पडला, टप्पे खात पार मागची रेषा ओलांडून गेला. त्याचा आमच्याकडे एक गुण मिळतो. अठरा-सतरा. वीस यार्ड मागून तो कधीच पोचला नसता, पण भोंग्यांच्या गोंगाटात तो हिशेब कोण करतो?

संध्याकाळी, हिवाळ्यात जिथे बर्फावर कर्लिंगचा खेळ चालतो त्या हॉलमध्ये सगळं गाव जेवायला जमलं. पेरोगी, कोबीचे रोल, आणि 'पाय', म्हणजे सास्काटून नावाच्या जांभळ्या बेरी भरून भाजलेला गोड पदार्थ. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. म्हातारा अर्ल ताट घेऊन व्हर्नाच्या समोरच बसला.

"काय गं व्हर्ना, मांडीत येऊन पडला होता चेंडू! हातांना लोणी लावलं होतंस काय?"

"लोणीच. पेरोगींना लावलं आणि हात पुसायचे राहिले."

टेबल हसलं. गॉर्ड हळूच तिच्या कानाशी म्हणाला, "सुटला, की...?"

"कोबीचे रोल इकडे सरकव," व्हर्ना म्हणाली.

तिकडे प्रशिक्षक ब्लेन सामन्याचा चेंडू हातात घेऊन भाषणाला उभा राहिला होता. लाथ मारणाऱ्या पोरीला तो द्यायचा असं ठरलं होतं. टेसाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तिने मान डोलावली, आणि टेसाने ब्लेनच्या हातातून चेंडू काढूनच घेतला.

"अगं ए, माझं भाषण..."

"अर्लआजोबा," टेसा मोठ्याने म्हणाली. "तो सुटला नव्हता. पाडला होता. तिसरा डाव होता. मी फसले होते, ती नव्हती फसली. तिने झेलला असता तर तुम्ही आत्ता हा बेरींचा पाय खात रडत बसला असता."

टेसा व्हर्नाकडे वळली.

"बाबा!"

व्हर्नाने मान वर केली. ही हाक या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकली होती.

"झेल आता. पहिला डाव आहे."

चेंडू बेरींच्या पायवरून फिरत आला. व्हर्ना दुखऱ्या गुडघ्यावर उठली, दोन्ही हातांनी तो झेलला आणि छातीशी धरला. गॉर्डने तिच्या ताटात कोबीचे रोल वाढले, ते निवून गेले, तरी तिने चेंडू खाली ठेवला नाही.