ओपन बुकची धास्ती

आमच्या पार्टनरइतका मनापासून, मन लावून आणि वेळापत्रक आखून घाबरणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पार्टनर म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सांगलीत इंजिनिअरिंगला असताना, माझ्या खोलीत चार वर्षं राहिलेला मुलगा. नावाने हाक मारली की तो दचकायचा, म्हणून हळूहळू साऱ्या कॉलेजचाच तो पार्टनर झाला. माण तालुक्यातल्या एका वाडीवरचा, मेंढपाळाच्या घरातला. उंच, काटक, उन्हात रापलेला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा लांडग्याच्या अंगावर धावून जात असेल. आणि गेलाही होता म्हणे लहानपणी, काठी घेऊन. पण पोस्टमनने दारावर टकटक केली की हाच गडी आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. सुट्टीनंतर साताऱ्याहून आम्ही एकत्र परत यायचो. सातची एसटी असली तर हा पावणेसहालाच स्टँडवर. गाडी लागली की आधी कंडक्टरला विचारायचा, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या म्हातारीला, "आवं आजी, ही सांगलीचीच हाय न्हवं?" एकदा एक म्हातारी म्हणाली, "मला काय ठावं बाबा, मी तुझ्याच मागनं चढले." हा उतरून पाटी वाचून आला, आणि येऊन तिलाही धीर देऊन बसला.

पुढे काय करायचं याची काळजी आम्हा बाकीच्यांना शेवटच्या वर्षी लागली. त्याला ती पहिल्याच वर्षी लागली होती. एका अख्ख्या ड्रॉइंग शीटवर त्याने आपल्या आयुष्याचे सात रस्ते आखून ती शीट भिंतीला लावली होती. पाटबंधारे, बांधकाम खातं, बँक, मास्तरकी, फौज, खासगी कंपनी आणि मेंढरं. प्रत्येकापुढे 'अडचणी' असा रकाना. पाटबंधाऱ्यापुढे लिहिलं होतं, 'पोहता येत नाही.' कधीकाळी धरणावर नेमणूक झाली तर, म्हणून हा महिनाभर कृष्णेच्या घाटावर पोहायला जात होता. म्हणजे पाण्यात उतरायचा, पायरी घट्ट धरायचा, आणि महिन्याअखेर त्याला पायरी उत्तम धरता यायला लागली. फौजेची चौकशी करायला तो माझ्याबरोबर साताऱ्याला आमच्या घरी आला. माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी हौसेने छाती मोजली, उंची मोजली, पाठ थोपटली. जेवताना पार्टनरने हळूच विचारलं, "आवं काका, लढाई लागल्यावर सुट्टी मिळती का?" वडील घास हातात धरून म्हणाले, "लढाई लागली की असलेली सुट्टीबी संपते, बाळा." सांगलीला आल्याआल्या फौजेवर रेघ मारली गेली.

सातव्या रस्त्यापुढचा, मेंढरांपुढचा, अडचणींचा रकाना मात्र कोरा होता. मी एकदा विचारलं, "इथे का नाही रे काही लिहिलंस?" तो बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिला. "त्यात अडचनच न्हाई गड्या. आमचं दादा म्हंत्यात, नापास झालास तर काय बिघडलं, मेंढरं हायतीच की. त्येनंच भ्या वाटतंय. मी जाईनबी खुशीनं. पर माज्यासाठी थोरल्या भनीनं सातवीत शाळा सोडली, मेंढरांमागं गेली. ती काय म्हनंल?" त्या दिवसापासून मी त्या शीटची चेष्टा करणं सोडलं. त्याची चेष्टा करणं मात्र चालू ठेवलं, कारण नाही केली तर हा त्याचीही काळजी करायचा.

शेवटच्या वर्षी स्टील डिझाइनच्या सरांनी जाहीर केलं की यंदा पेपर 'ओपन बुक' आहे. चार तासांचा पेपर, कितीही पुस्तकं आणा, उघडा, बघा, लिहा. वर्गात शिट्ट्या वाजल्या. मी तर पुस्तकं विकत घेण्याचे कष्टही पुढे ढकलले, जी गोष्ट परीक्षेत समोर असणार ती आधी वाचायची कशाला, हा माझा हिशोब. पार्टनर मात्र पांढरा पडला. खोलीवर येऊन कॉटवर बसला आणि म्हणाला, "पुस्तक न्या म्हंत्यात म्हंजी काय तरी काळंबेरं हाय. ह्यांनी आजपातुर साधी चिठ्ठी नेऊ दिली न्हाई. आता आख्खं पुस्तक? त्यात उत्तर असतं तर नेऊ दिलं असतं का, तूच सांग!"

दुसऱ्या दिवशी सर्व्हेच्या लॅबमधून टेप आणून त्याने परीक्षेच्या हॉलमधलं बाक मोजलं. त्याची चार पुस्तकं उघडून ठेवायला जागा लागत होती जवळजवळ दुप्पट. शिवाय बाकाला उतार, जाड पुस्तक घसरणार. मग खोलीत फळी आली, फळीखाली एका बाजूला विटा आल्या, खडूने बाकाएवढी चौकट आखली गेली, आणि त्या चौकटीत चार पुस्तकं हलवायचा सराव सुरू झाला. घरमालकीण काकू भाडं मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, हे काय चाललंय?" हा उभा राहून अदबीने म्हणाला, "आवं काकू, परीक्षेचा अभ्यास." काकू माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचा?" मी कॉटवर आडवा होतो.

पानं चटकन सापडावीत म्हणून त्याने घरून लोकरीचे धागे मागवले. तक्त्यांना काळा धागा, सूत्रांना पांढरा, सोडवलेल्या गणितांना करडा. पुस्तकांना दाढ्या फुटल्यासारखं दिसायचं. तेवढ्याने भागेना म्हणून चारही पुस्तकांची मिळून एक सूची हाताने लिहिली. ती मनासारखी झाली नाही म्हणून दुसऱ्यांदा लिहिली. दुसरीत एक पान चुकलंय असा संशय आला म्हणून तिसऱ्यांदा. महिनाभर आमच्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. हा पान नंबर पुटपुटायचा आणि मी कूस बदलायचो.

पेपरच्या दिवशी हॉलच्या दारात सुपरवायझर बाईंनी त्याची पुस्तकं पाहिली. "हे धागे कसले? देवीला वाहिलीत का पुस्तकं?" धागे चालले. मग त्यांच्या हाताला ती सूची लागली. "हाताने लिहिलेलं काही चालणार नाही. छापीलच हवं." त्यांनी ती बत्तीस पानं काढून घेतली आणि टेबलावर वजनाखाली ठेवली. मी त्याच्या मागे दोन बाकं सोडून होतो. प्रश्नपत्रिका मिळाली, सगळ्यांची पानं फडफडू लागली, आणि पार्टनर मात्र हात मांडीवर ठेवून टेबलावरच्या त्या वजनाकडे बघत बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, उठून निघून जातोय की काय. मग त्याने खाली मान घातली आणि लिहायला लागला. चार तासांत त्याने पुस्तक पाच-सहा वेळाच उघडलं असेल, तेही एका झटक्यात नेमकं पान. तीनदा लिहिलेली सूची डोक्यात बसली होती, ती कोण काढून घेणार? मी तोवर उसन्या पुस्तकात पहिल्या प्रश्नाचा तक्ता शोधत होतो. तो सापडला तेव्हा दोन तास झाले होते, आणि तो कसा वाचायचा ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तो रडवेला होऊन म्हणाला, "गेला गड्या पेपर. मी तक्त्यातलं आकडं तपासलं न्हाईत, नुसतं आठवून लिवलं." निकाल लागला तेव्हा त्याला पहिला वर्ग होता आणि मी त्या पेपरात नापास होतो. यादीसमोर उभा राहून तो आपल्या नंबराकडे बघेचना. "तुजा कुठं गेला? खाली बघू, खालच्या यादीत असंल," म्हणत त्याने सगळी यादी बोटाने दोनदा वाचली. त्याच्या पहिल्या वर्गाचा आनंद आम्हा दोघांनाही साजरा करता आला नाही.

तो साताऱ्याच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेड उभारणाऱ्या एका कंपनीत लागला. सहा महिन्यांनी कायम करणार होते, तोवर एकही खाडा नको असं बजावून सांगितलेलं. जाताना पुस्तकं मला देऊन गेला, आणि वर सांगून गेला, "सूची मातुर तू सोता लिव." मी लिहिली. एकदाच लिहिली, पण लिहिली.

फेरपरीक्षेच्या दिवशी, बुधवार होता, मी हॉलकडे निघालो तर व्हरांड्यात पायरीवर हा बसलेला. पहाटेच्या गाडीने आलेला, तोंडावर धूळ. मी विचारलं, "रजा मिळाली?"

"न्हाई."

"का नाही दिली?"

"मागितलीच न्हाई. मागून न्हाई म्हनलं असतं तर मग येता आलं नसतं." त्याने बाहीने तोंडावरची धूळ पुसली. "साहेब उद्या काय म्हनतोय कुनास ठाऊक. तू जा. तक्ता उभा बघायचा, मग आडवा. घाई करू नगं."

चार तासांनी मी बाहेर आलो तेव्हा तो तिथेच होता. मी मध्येच उठून येईन आणि चुकामूक होईल म्हणून चहालासुद्धा उठला नव्हता. माझ्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असावं, कारण चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याला भिंतीला टेकून सैल बसलेला पाहिला. आम्ही स्टँडवर गेलो, वडापाव खाल्ला, साताऱ्याची गाडी लागली. मला त्याला बरंच काही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "तू येडा आहेस."

"व्हय," तो म्हणाला आणि चढला.

साहेबाच्या लक्षातही आलं नव्हतं, असं त्याने नंतर चार पानी पत्र लिहून कळवलं. आणि आता लक्षात आलं तर, याची काळजी त्यात तीन पानं होती. तो पुढे कायम झाला, मीही पास होऊन मिरजेला नोकरीला लागलो. मग लग्नं झाली, बदल्या झाल्या, पत्रं विरळ होत गेली आणि थांबली. मधल्या वर्षांत आम्ही तीन-चारदा भेटलो असू, दर वेळी कुणाच्या तरी कार्यात, दर वेळी गर्दीत. पंगतीत शेजारी बसायचो, मुलाबाळांची चौकशी व्हायची, त्याला कुठली तरी गाडी गाठायची असायची. त्या बुधवारी स्टँडवर राहिलेलं आज सांगू, निघताना सांगू, असं मी दर वेळी मनाशी ठरवायचो. तो दूर गेटपाशी पोचला की आठवायचं, सांगायचं राहिलंच.