कापडाची समजूत

ताई नोकरीत नेमकं काय करते, हे घरात कुणाला नीट कळलेलं नाही. आईला विचारलंत तर ती सांगते, "दिवसभर बसून पिक्चर बघते, आणि वर त्याचा पगार घेते." आता हे अगदीच खोटं आहे असंही नाही. ताई एका छोट्या व्हिडिओ कंपनीत आहे. कुणीतरी स्क्रिप्ट लिहून पाठवतं आणि त्यातल्या वाक्यावाक्याला शोभतील असे तयार तुकडे ताई जगाच्या पाठीवरून शोधून आणते. त्याला स्टॉक फुटेज म्हणतात. 'सुखी कुटुंब' म्हटलं की चौघांनी हिरवळीवर धावायचं. 'आरोग्य' म्हटलं की एका बाईनं काकडी खात खदाखदा हसायचं. काकडीत एवढं हसण्यासारखं काय असतं, हे बारा वर्षांत ताईला उमगलेलं नाही. पण बाई मात्र ती बरोब्बर आणते.

बारा वर्षांत या लोकांशी तिचं नातंच जडलंय. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा आहेत. गेल्या वर्षी गुडघेदुखीच्या तेलासाठी ते कण्हत होते, यंदा विम्यासाठी नातवाला खांद्यावर घेऊन पळताहेत.

"तेल लागू पडलं हो आजोबांना!" ताईनं ऑफिसात जाहीर केलं.

अशा ताईला दादानं काम सांगितलं, म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवलं. रविवारी आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. आई आणि नऊ वर्षांपूर्वी गेलेले बाबा, दोघांवर दहा मिनिटांची फिल्म करायची होती. स्क्रिप्ट दादाची. बाबा शिंपी होते, म्हणून दादानं लिहिलं होतं, 'त्या हातांनी कापड कापलं, पण माणसं जोडली.'

"हात दिसायला हवेत हां," दादानं बजावलं. "सगळी फिल्म त्या एका वाक्यावर उभी आहे."

इथेच घोडं अडलं. बाबांचे फोटो होते चार, आणि चारही फोटोंत बाबा हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. हलतं चित्र तर एकही नाही. ताईनं पदर खोचला आणि तीन दिवसांत त्र्याहत्तर शिंपी पाहिले. सगळ्यांच्या गळ्यात नवी कोरी टेप, आणि सगळे कापडाकडे बघून मंद हसतायत. 'माणसं जोडली' यासाठी तर कोटवाल्या पाच जणांनी एकमेकांच्या हातांवर हात ठेवलेले मिळाले. त्यातला एकही कोट बाबांच्या हातचा वाटत नव्हता. शेवटी एक शिंपी तिला पसंत पडला. सुरकुतलेले हात, खिडकीतून येणारा उजेड, जुनी कात्री. ताईचे स्वतःचेच डोळे भरून आले. बारा वर्षांचा अनुभव वाया गेला नाही, असं वाटलं तिला.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं तो तुकडा आईला दाखवला. आधी दाखवायचा नव्हता, पण राहवलं नाही. आईनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"कोण गं हा?"

"बाबा समज ना, आई. नुसते हात आहेत."

"समजायला काय, शेजारच्यालाही समजेन! अगं, हा कापडाला थेट कात्रीच लावतोय. कसायासारखा!"

"मग? बाबा कसे लावायचे?"

"तू विसरलीस?" आईला खरंच वाईट वाटलं. "ते म्हणायचे, कापडाची आधी समजूत घालावी लागते. कापलं जायचंय बिचाऱ्याला. असं..."

आणि आईनं पलंगावरच्या चादरीवरून तळहात फिरवला. एकदा लांब, एकदा आखूड, मग दोन बोटांनी हलकेच थोपटलं, निजलेल्या पोराला थोपटावं तसं.

ताई बघतच राहिली. बाबांचा असा फिरणारा तळहात तिनं लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता, दुकानातल्या लाकडी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून. तीस वर्षं आई त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून काजं-बटणं करत होती. आणि ताई मात्र सगळ्या जगाला विचारत सुटली होती, 'शिंपी, हात, कात्री.' समजूत हा शब्द टाकायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आई, थांब. हलू नकोस." तिनं फोन काढला.

"अगं बाई, थांब तू! यांचा सदरा घालते. बायकी हात कळतील."

"कळू देत."

"बांगड्या तरी काढू?"

"काही काढू नकोस. फक्त चादरीची समजूत घाल."

आईनं घातली. पण हसायला लागली, म्हणून पुन्हा घातली. तिसऱ्यांदा हसली नाही.

रविवारी पडद्यावर ते वाक्य आलं आणि कापडावरून एक हात फिरला. एकदा लांब, एकदा आखूड. दादा खुर्चीतून अर्धा उठला. "अरे, बाबा!" तो मोठ्यानं म्हणून गेला, आणि तेवढ्यात पडद्यावर बांगड्या किणकिणल्या. सगळे हसले. दादा हसता हसता नाक पुसायला लागला.

"कुठून मिळवलंस गं हे?" त्यानं ताईला विचारलं.

"मिळवायचंय कुठून?" आईच बोलली. "घरचंच आहे."